देवगिरी ते नान-खलिया: एका दिवसात तीन मध्ययुगीन गावं

(या भागाचा लेखी अवतार. ऐकताना नावं, सनावळ्या निसटतात अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून बोलल्यासारखंच पण जरा नीट मांडून लिहिलंय.)

 

आजच्या भागात आपण फिरायला जाणार आहोत. आणि खायला. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघायचं, दौलताबाद म्हणजे जुनी देवगिरी पाहायची, तिथून घाट चढून खुलताबादला जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत शहरात येऊन गरमागरम नान-खलियावर ताव मारायचा. सगळं मिळून साठ किलोमीटरच्या आतबाहेर. बाईक असेल तर बाईक, नाहीतर एसटी आणि शेअर रिक्षा. एका दिवसात आरामात होतं.

पण नुसतं 'इथे जा, ते खा' सांगायला इन्स्टाग्रामवर रील्स आहेतच. मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. या तिन्ही गावांना मी एकच प्रश्न विचारत फिरलो: इथल्या लोकांच्या पोटात काय जायचं, आणि ते कुठून यायचं? ऐकायला साधा वाटतो ना प्रश्न? पण देशातला एक अतिशय भक्कम किल्ला आज रिकामा का आहे आणि त्याच्या आजूबाजूची गावं अजून गजबजलेली का आहेत, याचं बरंचसं उत्तर त्यात सापडतं.

हा प्रश्न सुचला कसा, ते आधी सांगतो. पहिल्यांदा दौलताबादला गेलो तेव्हा मी साडेअकरा वाजता किल्ला चढायला सुरुवात केली. मे महिना. सोबत अर्ध्या लिटरची एकच बाटली. सातशेहून जास्त पायऱ्या आहेत हे माहीत होतं, पण 'जिमला जातो ना आपण' असा माज होता. अर्ध्या वाटेवर बाटली संपली, डोळ्यापुढे काजवे चमकले आणि मी एका कमानीच्या सावलीत मटकन बसलो. काकडी विकणाऱ्या एका मावशींनी माझ्याकडे पाहून मीठ लावलेली काकडी हातात दिली आणि म्हणाल्या, "पाणी घेऊन चढावं लागतं रे बाबा, हा किल्ला हाय."

तिथे बसल्या बसल्या डोक्यात आलं, मी एकटा, दोन तासांसाठी आलोय, तरी ही अवस्था. मग इथे हजारो माणसं महिनोनमहिने वेढ्यात अडकायची, त्यांचं काय होत असेल?

पहिला थांबा: देवगिरी

सकाळी सहा-साडेसहाला निघा. दौलताबाद शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर. लांबूनच तो शंकूसारखा डोंगर दिसतो, आजूबाजूच्या सपाटीतून जवळजवळ दोनशे मीटर वर उठलेला. बाराव्या शतकाच्या शेवटी यादव राजा पाचवा भिल्लम याने इथे राजधानी केली. पुढे सिंघण, महादेव, रामचंद्र हे राजे इथूनच राज्य करत होते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजा रामचंद्राचा उल्लेख येतो, तो हाच. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये, नेवाशाला, म्हणजे याच राज्यात.

आता किल्ल्याची रचना बघा. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला ती आमच्या भाषेत समजली. आमच्याकडे सिक्युरिटीत 'डिफेन्स इन डेप्थ' म्हणतात. एक भिंत फुटली तर दुसरी, दुसरी फुटली तर तिसरी. इथे नेमकं तेच आहे. सगळ्यात बाहेर अंबरकोट, मग महाकोट, मग कालाकोट, अशा एकात एक तटबंद्या. दरवाजे सरळ एका रेषेत नाहीत, वळणावळणाचे आहेत, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक मारायला जागाच मिळू नये. दारांवर लोखंडी टोकदार खिळे. त्याच्या आत डोंगर चारी बाजूंनी तासून उभा सरळ केलेला, आणि त्याच्या पायाशी खडकात खोदलेला खोल खंदक.

खंदक ओलांडला की 'अंधारी'. डोंगराच्या पोटातून कोरलेला वळणावळणाचा भुयारी रस्ता. वटवाघळांचा वास, पायाखाली उंचसखल पायऱ्या. मोबाईलचा टॉर्च लागतोच, म्हणून फोन चार्ज करून या आणि रील काढायच्या नादात पायरी चुकवू नका. भुयाराच्या वरच्या तोंडाशी जाळ करून आत धूर कोंडायची सोय होती, असं गाईड सांगतात. शत्रू इथवर आला तरी अंधार, धूर आणि वळणं यातून वर पोचणं म्हणजे जवळपास अशक्य.

एवढा भक्कम डोंगर असून हा किल्ला १२९६ मध्ये पडला. कसा?

अलाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता, कडा या प्रांताचा सुभेदार होता. तो काही हजार स्वार घेऊन अचानक देवगिरीवर चालून आला. यादवांचं मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. रामचंद्र किल्ल्यात शिरला आणि दरवाजे लावून बसला. घाईघाईत खालच्या पेठेत सापडलेली पोती वर चढवली. धान्याची म्हणून. तवारिखांमध्ये गोष्ट येते की पोती उघडली तेव्हा कळलं, आत धान्य नाही, मीठ आहे. कोकणातून घाटावर विकायला आणलेलं मीठ! शंकरदेव परत आला, लढला, हरला. आणि वर किल्ल्यात खायला काही नाही. रामचंद्राला तह करावा लागला. सोनं, मोती आणि वर्षाची खंडणी देऊन.

मिठाच्या पोत्यांची गोष्ट शब्दशः खरी असो वा नंतर रंगवलेली, पिढ्यानपिढ्या लोकांनी ती का सांगितली हे कळतं. डोंगर जागच्या जागी होता. पण आमच्या भाषेत सांगायचं तर 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' भिंतीत नव्हता, कोठारात होता.

हे एकदाच झालं असंही नाही. १६३३ मध्ये शाहजहानचा सरदार महाबतखान याने दौलताबादला वेढा घातला. आत निजामशाहीचा वजीर फतहखान, म्हणजे मलिक अंबरचा मुलगा. नुकताच, १६३० ते १६३२ या काळात, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडून गेला होता. मुघलांनी सुरुंग लावून बाहेरच्या तटांना खिंडारं पाडली हे खरं. पण मधला डोंगर शेवटी हाती आला तो आतलं धान्य संपत आलं, रोगराई पसरली आणि फतहखानाने शरणागती पत्करली म्हणून.

किल्ल्यावर काय काय पाहाल? आत शिरल्यावर हत्ती हौद नावाचा अवाढव्य तलाव. त्याच्याजवळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची जामा मशीद, शंभराहून जास्त जुन्या खांबांवर उभी. हे खांब आधीच्या मंदिरांचे आहेत, आणि १९४८ नंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. म्हणजे एकाच इमारतीत तीन काळ. समोर चांद मिनार, बहमनी काळातला, साठ मीटरहून उंच. थोडं वर चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर इथेच कैदेत ठेवलं. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे म्हणून हे नाव. आणि एक गोष्ट विसरू नका: १६२९ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांचा खून निजामशाहाच्या दरबारात झाला, तो इथेच. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे किल्लेदार होते, त्यांचं स्थान वर आहे.

मधला नाश्ता, आणि एक खेळ

खाली उतरलात की भूक लागलेली असणारच. पायथ्याशी टपऱ्या आहेत. सीझनप्रमाणे सीताफळं, पेरू, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस. दौलताबादच्या सीताफळांचं आणि पेरूंचं नाव आहे, घ्याच. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर शेंगदाण्याची चटणी मिळाली तर मग विचारूच नका.

आता एक खेळ खेळू. तुमच्या समोरच्या पानातलं रामचंद्र यादवाने काय ओळखलं असतं?

सीताफळ? नाही. ते मूळचं अमेरिका खंडातलं. पेरू? तोही. मका? अमेरिका. शेंगदाणा? अमेरिका. ठेच्यातली मिरची? तीसुद्धा! १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीज जहाजांतून या गोष्टी आपल्याकडे आल्या आणि पसरल्या. म्हणजे देवगिरीच्या यादवांनी आयुष्यात मिरची चाखली नव्हती. तिखट हवं असेल तर मिरी, सुंठ, आलं. मराठवाड्याचा माणूस बिनमिरचीचा? पटायला जड जातं, पण होता. आणि तुम्ही वर घेतलेला कटिंग चहा तर अगदी काल-परवाचा पाहुणा.

मग राहिलं काय? भाकरी. ज्वारी आफ्रिकेतून आली खरी, पण हजारो वर्षांपूर्वी, म्हणजे यादवांच्या कितीतरी आधी. पिठल्यातला हरभराही जुना. आणि मांडे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मांड्यांचं वर्णन येतं. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे. ती याच यादव काळातली. म्हणजे पानात सगळ्यात साधी वाटणारी भाकरी, तीच या दिवसातली सगळ्यात जुनी चव.

एक साक्षीदारही आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा पिकतात. गाणाऱ्यांच्या एका खास बाजाराचंही त्याने वर्णन केलंय. आणि किल्ल्यावरच्या एका कैदखान्याचं: तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना घाबरून पळतात! द्राक्षं-डाळिंबं आजही मराठवाड्यात आहेत. उंदरांचं मला माहीत नाही, मी शोधायला गेलो नाही.

तुघलकाचं काय?

दौलताबाद म्हटलं की मोहम्मद बिन तुघलक आठवतो. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची राजधानी इथे हलवली, देवगिरीचं नाव दौलताबाद ठेवलं. शाळेत आपण शिकलो, 'सगळी दिल्ली रिकामी केली, वेडा सुलतान'. इतिहासकार आज एवढं सरसकट बोलत नाहीत. हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी, त्यांची कुटुंबं आणि नोकरचाकर. सगळी दिल्ली ओस पडली नव्हती. विचारही अगदीच वेडगळ नव्हता, दक्षिण सांभाळायची तर दक्षिणेत बसायला हवं.

पण हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून आणलेल्या माणसांना नव्या जागी रुजवायचं म्हणजे नुसता किल्ला पुरत नाही. घर लागतं, पाणी लागतं, रोजची रोटी लागते, आणि मुख्य म्हणजे राहावंसं वाटायला लागतं. त्यात उत्तरेची सरहद्द लांब पडली, दक्षिणेत बंडं सुरू झाली. आठ-दहा वर्षांतच सुलतानाने लोकांना परत जायला मोकळीक दिली. १३४७ मध्ये इथेच बहमनी राज्य सुरू झालं, पण त्यांनीही राजधानी पुढे गुलबर्ग्याला नेली.

मात्र सगळे परत गेले नाहीत. जे राहिले, त्यांचा माग काढत आपण पुढे जाऊ.

दुसरा थांबा: खुलताबाद

दौलताबादहून खुलताबादचा रस्ता चक्क किल्ल्याच्या जुन्या तटातल्या एका अरुंद दरवाज्यातून जातो. समोरून ट्रक आला की दोन्हीकडे रांगा. मध्ययुगीन ट्रॅफिक जाम म्हणा! वाटेत कागजीपुरा लागतं. हाताने कागद बनवणारं गाव, तुघलकाच्या काळात आलेल्या कारागिरांनी वसवलं असं सांगतात. मग घाट, आणि वर खुलताबाद.

इथल्या हवेतच फरक आहे. तटबंदी आणि दरवाजे इथेही आहेत, पण गाव जिवंत आहे. दारात शेळ्या, गल्लीत क्रिकेट, हॉटेलात गप्पा. एका बाजूला भद्रा मारुती, निद्रिस्त हनुमानाची मूर्ती असलेलं मंदिर. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी लोक रात्रभर चालत इथे येतात. दुसऱ्या बाजूला सूफी संतांचे दर्गे. तुघलकाच्या वेळी दिल्लीहून आलेल्यांपैकी बुऱ्हानुद्दीन गरीब हे चिश्ती संत इथेच राहिले. १३३७ मध्ये वारले, त्यांचा दर्गा इथे आहे. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

आता आपल्या प्रश्नाकडे या. चिश्ती परंपरेत खानकाह म्हणजे फक्त प्रार्थनेची जागा नाही. तिथे लंगर असतो, येईल त्याला जेवण. राजे, सरदार, व्यापारी देणगी देत, दर्ग्यांना जमिनी आणि गावं लावून देत, त्या उत्पन्नावर चूल पेटत राहायची. म्हणजे गावाची बांधणी बचावाभोवती नाही, पंगतीभोवती. उरूस भरतो, बाजार भरतो, माणसं येतात, राहतात. भद्रा मारुतीच्या बाहेर नारळ-प्रसादाची दुकानं आणि दर्ग्याबाहेर फुलं-चादरींची दुकानं बघा, आजही गावाचं अर्थकारण बरंचसं त्याच्यावरच चालतं.

याच गावात मलिक अंबरची कबर आहे (तो १६२६ मध्ये वारला), हैदराबादच्या पहिल्या निजामाची आहे आणि औरंगजेबाचीही. औरंगजेब १७०७ मध्ये अहिल्यानगरजवळ वारला आणि त्याला इथे आणून जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. कबर उघड्या आकाशाखाली, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची. इथे बंदोबस्त असू शकतो, तिथले नियम पाळा, आणि कुठल्याही दर्ग्यात किंवा मंदिरात फोटो काढण्याआधी विचारा. हे इतिहासाचं म्युझियम नाही, लोकांच्या श्रद्धेच्या जागा आहेत.

तिसरा थांबा: खडकी, म्हणजे आजचं शहर

दुपारी शहरात परत या आणि सरळ पाणचक्की गाठा.

थोडी पार्श्वभूमी. मलिक अंबर हा मूळचा इथियोपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवलं. पुढे त्याचं फतहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. अंबरच्या हाताशी दौलताबादसारखा किल्ला होता, त्याची बाहेरची तटबंदीही त्याने मजबूत केली. पण शहर मात्र त्याने खाली, मोकळ्या जमिनीवर वसवलं. आणि शहराबरोबर काय बांधलं? नहर.

नहर-ए-अंबरी म्हणजे जमिनीखालची पाण्याची वाट. उत्तरेकडच्या डोंगरांजवळ जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि उताराचा अचूक अंदाज घेऊन भुयारी नळांतून शहरात आणायचं. पंप नाही, वीज नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. उतार जास्त झाला तर पाणी जोरात येऊन नळ फोडणार, कमी झाला तर गाळ साचणार. हे गणित चारशे वर्षांपूर्वी जमवलं. पुढे अशा आणखी नहरी झाल्या.

पाणचक्की त्यातल्याच एका नहरीवर, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात. काही किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून पाणी येतं आणि इथे एका उंच भिंतीवर चढतं. पाणी वर चढतं? हो! बंद नळातलं पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत वर येऊ शकतं. उगम उंचावर, म्हणून इथेही ते भिंतीवर चढतं आणि वरून हौदात पडतं. त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोराने खालचं पात्यांचं चाक फिरायचं आणि त्याला जोडलेलं जातं दळायला लागायचं. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि गरिबांसाठी इथे पीठ दळलं जायचं.

माझ्यासाठी हा अख्ख्या दिवसातला सगळ्यात भारी क्षण होता. सकाळी देवगिरीवर डोंगर तासायला लागलेलं इंजिनिअरिंग पाहिलं होतं, माणसांना बाहेर ठेवण्यासाठी. इथे तितक्याच तोडीचं इंजिनिअरिंग होतं, आलेल्याला भाकरी मिळावी म्हणून.

आणि आता, नान-खलिया

संध्याकाळी जुन्या शहरात, शहागंज-सिटी चौकाच्या बाजूला या. वासावरून भट्टी सापडते.

नान करताना थांबून बघा. मैद्याच्या कणकेचे मोठे गोळे, हाताने थापून पसरवलेले. वरून गुळाचं आणि हळदीचं पाणी लावतात आणि भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवतात. हळदीने पिवळा रंग येतो, गुळातली साखर उष्णतेने तांबूस होते, म्हणून तो सोनेरी तकाकीचा पापुद्रा. खलिया म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा, वर तर्रीचा लाल थर. नान तोडायचा, रश्श्यात बुडवायचा, बोलायचं नाही. शाकाहारी असाल तर तोच नान डाळीबरोबर खा, पश्चात्ताप होणार नाही.

गोष्ट अशी सांगतात की तुघलकाचा लवाजमा दिल्लीहून निघाला तेव्हा हजारो माणसांना वाटेत पटापट जेवू घालायला हा पदार्थ जन्माला आला. मोठ्या भट्ट्या, मोठी पातेली, एका वेळी शेकडो माणसं. पदार्थाचं रूप बघता पटण्यासारखं आहे, कारण आजही लग्नाकार्यात त्याच हिशेबाने तो होतो. पण आपला खेळ आठवतोय ना? तर्रीचा लाल रंग मिरचीचा. म्हणजे तुघलकाच्या सैनिकाने खाल्लेला खलिया, खाल्ला असेलच तर, लाल नव्हता. आज आपण खातो तो खलिया दिल्ली, दख्खन आणि पोर्तुगीजांची मिरची अशा तिघांनी मिळून केलेला आहे. त्याने त्याची चव किंवा मान कमी होत नाही. उलट मला तर तो जास्त आपला वाटायला लागला.

मग दिवसाचं सार काय?

तिन्ही गावं शेजारी शेजारी ठेवून बघा. देवगिरी सगळ्यात भक्कम, पण पोटापुढे दोनदा हरली, आणि आज संध्याकाळी गेट बंद झालं की तिथे फक्त वटवाघळं उरतात. खुलताबादने लंगर आणि प्रसादावर माणसं धरून ठेवली. खडकीने आधी पाणी आणलं, मग तट उभा राहिला, आणि आज तिथे लाखो माणसं राहतात. अर्थात शहर जगतं ते एकाच कारणाने नाही, व्यापार, राजकारण, नशीब सगळंच असतं. पण पाणी आणि धान्याशिवाय बाकीचं काहीच टिकत नाही.

आणि म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. ज्या शहराने चारशे वर्षांपूर्वी पंपाशिवाय पाणी आणलं, तिथे आज नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. नहरींवर घरं उभी राहिली, रस्ते खोदताना जुने नळ फुटले, कुठे गाळ भरला. आपण किल्ल्याची तिकिटं काढतो, मिनारासोबत सेल्फी घेतो, पण शहराला जगवणारी ती गोष्ट जमिनीखाली असल्यामुळे आपल्याला दिसतच नाही. पुढच्या वेळी पाणचक्कीला गेलात तर फक्त हौदातले मासे बघून परत येऊ नका. ते पाणी कुठून येतंय ते विचारा. विचारणारी माणसं वाढली तरच कुणीतरी सांभाळेल.

जाता जाता कामाच्या गोष्टी: किल्ला सकाळीच चढा, दहाच्या आत खाली या. माणशी किमान दोन लिटर पाणी. चांगली पकड असलेले बूट. वेरूळची लेणी जवळच आहेत, पण त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा, त्यांना वेगळा अख्खा दिवस द्या (आणि मंगळवारी ती बंद असतात). सीताफळं हवी असतील तर दिवाळीच्या आसपास जा. आणि त्या काकडीवाल्या मावशी भेटल्या तर काकडी नक्की घ्या. मीठ लावून.

तुमच्या गावात अशी एखादी जुनी बारव, नहर, भट्टी किंवा लंगर असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत फिरत राहा, खात राहा, आणि पाण्याची बाटली भरून घ्या. भेटू!